लिफ्टजवळून आलेला फोन

मी एक जुना फोन आहे. मोबाइल नव्हे हं! मोबाइल म्हटलं की तुमचे डोळे लगेच चमकतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी तारेचा फोन. मला एक बैठक आहे, तिच्यावर आडवा पडून राहणारा एक रिसीव्हर आहे, दोघांना जोडणारी वेटोळ्यांची दोरी आहे आणि निरोप आला की लुकलुकणारा एक लाल दिवा होता. तो आता गेला. सध्या माझा मुक्काम दोहा शहरात, इंडस्ट्रियल एरियातल्या शफीकभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात आहे. माझ्या डाव्या अंगाला एक बंद पडलेला मिक्सर आणि उजवीकडे दोन इस्त्र्या. इस्त्र्यांचा स्वभाव तापट, मिक्सर ठार बहिरा. त्यामुळे मित्रांनो, बऱ्याच दिवसांनी कुणी ऐकणारं भेटलंय, आता मी काही थांबायचा नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कुठल्या देशात, ते माझ्या पोटावरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. पण पहिल्याच वर्षी कुणीतरी माझ्यावर संत्र्याचा रस सांडला आणि माझं जन्मगाव पुसलं गेलं. आठवतं ते एवढंच, की आम्ही पुष्कळ भावंडं होतो, सगळी सायीच्या रंगाची, आणि सगळ्यांना एकाच दिवशी खोक्यांत भरलं. मला वाटलं होतं, एखाद्या बँकेत नाहीतर कचेरीत नोकरी लागेल. खोकं उघडलं तर समोर समुद्र! एका भल्यामोठ्या प्रवासी जहाजावर माझी नेमणूक झाली होती. जहाज कसलं, पाण्यावर तरंगणारं गावच ते. त्यात दुकानं होती, पोहायचे तलाव होते, नाटकगृह होतं, मजल्यांवर मजले होते. नवव्या मजल्यावर, छोटी गॅलरी असलेल्या एका खोलीत, पलंगाशेजारच्या टेबलावर मला बसवलं.

काय दिवस होते ते! सकाळी डोळे चोळत लोक माझाच कान धरायचे आणि चहा मागवायचे. नवी लग्न झालेली जोडपी लाजत लाजत नाश्ता खोलीत मागवायची. लहान मुलं माझी सगळी बटणं एकदम दाबायची आणि मग स्वयंपाकघर, दवाखाना आणि न्हावी असे तिघेही एकदम विचारायचे, ‘बोला, काय सेवा करू?’ एकदा वादळात एका आजोबांच्या छातीत कळ आली. घाबरलेल्या आजींना बटण सापडेना, पण सापडलं, आणि डॉक्टर धावत आले. आजोबा वाचले. उतरताना त्या आजींनी आपल्या रुमालानं मला पुसलं आणि म्हणाल्या, ‘गुणाचा गं बाई हा!’ म्हणजे त्यांच्या भाषेत म्हणाल्या. तारेतून शब्द गेला की त्याचा अर्थ माझ्यापाशी थोडा राहतोच, मग भाषा कुठली का असेना.

बोलायला मात्र मी मराठीच शिकलो, आणि तीही कमालकडून. कमाल आमच्या मजल्यावरच्या खोल्या साफ करायचा. दापोली तालुक्यातल्या हर्णैचा हा माणूस. घरी त्याची बायको नजमा. दिवसभर साहेबलोकांशी गोड गोड इंग्रजी बोलून त्याचं तोंड आंबून जायचं. मग माझ्या खोलीत एकटा आला की तो माझ्यावर फडकं फिरवत मराठीत सुरू व्हायचा. ‘काय राव, आज कोण बोललं की नाय? नाय? तुझं आणि माझं सारखंच रे बाबा. काम असलं की आठवण.’

खरंच होतं ते. तोवर मोबाइल आले होते ना! कानामागून आला आणि तिखट झाला, अशी त्या पोराची गत. बंदर जवळ आलं की सगळे आपापल्या मोबाइलला चिकटायचे. समुद्रात त्याला रेंज नसायची तरी लोक त्यालाच गोंजारत बसायचे, आणि मी शेजारी सुसज्ज बसलेला असताना माझ्यावर टोप्या टाकायचे. एकानं तर माझ्यावर ओले मोजे वाळत घातले! मला राग आला, रडूही आलं. पण फोननं आपणहून बोलायचं नसतं. तो आमचा धर्म नाही.

एका वर्षी हिवाळ्यात आमचं जहाज आखातात आलं. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून तीन वर्षं होती, पण दोहाच्या बंदरातून पाहावं तिकडे क्रेनच क्रेन. कमाल गॅलरीचं दार पुसत मला वर्दी द्यायचा, ‘अख्खं शहर खोदून ठेवलंय रे. मुशैरिबच्या बाजारात जायचं तर रस्ता काल होता तिथं आज नाय.’ दोहात नोकरी करणारी काही माणसंही तिथूनच जहाजावर चढायची, चार दिवस फिरून परत तिथंच उतरायची. अशाच एका दुपारी माझ्या खोलीचं दार उघडलं आणि एक जोडपं आत आलं.

आत आलं म्हणजे उंबऱ्याशी उभं राहिलं. दोघं पन्नाशीच्या पुढची. तो उंच, उन्हानं रापलेला, नव्या शर्टाच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. ती ठेंगणी, नऊवारी नेसलेली, डोईवर पदर, हातात पितळी कडीचा डबा.

‘आवो, चपला कुठं काढायच्या?’ तिनं विचारलं.

‘आत चालत्यात म्हनं,’ तो म्हणाला. पण दोघांनीही चपला दाराशीच काढल्या.

कमालनं हे बोलणं ऐकलं मात्र, त्याचा चेहरा असा खुलला! ‘काका, मावशी, मराठी ना तुम्ही? मी हर्णैचा!’ पाच मिनिटांत त्यानं त्यांची सगळी कुंडली काढली आणि संध्याकाळी मला ऐकवली. हे शहाजीकाका आणि ह्या केसरबाई. लातूरकडचं, औसा तालुक्यातलं एक खेडं त्यांचं. काका पाइप-फिटर, सध्या वर्ल्ड कपच्या स्टेडियममध्ये गार हवेचे पाइप बसवत होते. पोरगा बालाजी पाळण्यात होता तेव्हा ते आखातात आले, ते अजून इथंच होते. आता बालाजी शिकून दोहातच इंजिनिअर झाला होता आणि शेजारच्या अल वक्रा गावात घर करून राहत होता. काका मात्र इंडस्ट्रियल एरियातल्या कंपनीच्या खोलीतच राहायचे. शुक्रवारी तेवढे लेकाकडे जायचे. केसरबाई पहिल्यांदाच इकडे आल्या होत्या, आणि लेकानं आई-बापांना ही जहाजाची सहल भेट दिली होती. ‘तुमचं हनिमून पेंडिंग आहे, आबा,’ असं तो म्हणाला होता म्हणे. मावशी तेव्हा लाजून स्वयंपाकघरात पळाल्या होत्या.

जहाज अजून बंदरातच होतं, तेवढ्यात काकांचा मोबाइल वाजला. बालाजीच बोलत होता. मोबाइलमधला आवाज नेहमीच बाहेर सांडतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

‘आबा, फोरमनचा मला पण कॉल आला. वर्ल्ड कप होईपर्यंत कॉन्ट्रॅक्ट एक्स्टेंड करायला तयार आहेत ते. तुमचं फायनल काय?’

‘जहाजावरून उतरलो की सांगतो म्हनलंय त्येला.’

‘आईचं काय म्हणणं आहे?’

काकांनी केसरबाईंकडे पाहिलं. त्या डब्याची कडी उगाच उघडत-लावत होत्या. ‘इचारतो,’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तर मित्रांनो, असा होता तो प्रश्न. अजून तीन वर्षं इथं थांबायचं, की आता बायकोबरोबर कायमचं घरी जायचं? पोट भरण्यासाठी थांबायची गरज राहिली नव्हती, लेक हाताशी आला होता. काकांनी नुसतं ठरवायचं होतं. आणि ठरवायला त्यांना केसरबाईंचा एक शब्द हवा होता.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? विचारायचं आणि सांगायचं! मलाही तसंच वाटलं होतं. पण पहिल्या संध्याकाळी जहाज दूर समुद्रात आलं, आणि मी जे पाहिलं ते याआधी कधी पाहिलं नव्हतं. सूर्य बुडायच्या सुमाराला काका अस्वस्थ झाले. खिशातून मोबाइल काढला, बघितला, परत ठेवला. केसरबाईंनीही पिशवीतून आपला मोबाइल काढला, बघितला, परत ठेवला. मग परत काढला. रेंज नव्हती. पलंगाच्या दोन कडांना दोघं बसलेली, दोघांच्या हातात मुके मोबाइल, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं.

कमालशी त्यांच्या होणाऱ्या गप्पांतून मला हळूहळू उलगडा झाला. पंचवीस वर्षं ह्याच वेळेला कंपनीची बस काकांना खोलीवर सोडायची. ते आंघोळ करायचे आणि गावी फोन लावायचे. तिकडे जेवणं झालेली असायची. ‘जेवलीस का?’ इथून सुरुवात व्हायची आणि मग म्हैस, पोराची शाळा, शेजारणीचं भांडण, सगळं निघायचं. सुरुवातीला गावात एकाच दुकानात फोन होता, तिथं त्या रांगेत उभ्या राहायच्या. मग घरात फोन आला, मग मोबाइल, मग एकमेकांची तोंडं दिसायला लागली. त्यांचा सगळा संसार तारेवरून आणि हवेतून झाला होता. दोन वर्षांतून एकदा काका महिन्याभरासाठी घरी यायचे, पण तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असायचं. एका खोलीत, एकमेकांसमोर बसून, ही दोघं बोलायला शिकलीच नव्हती. आज नेमकी बोलायची वेळ झाली होती, माणूस समोर बसलं होतं, आणि फोन लागत नव्हता!

‘रेंज न्हाई,’ काका म्हणाले.

‘व्हय,’ केसरबाई म्हणाल्या.

आणि दोघं गॅलरीत जाऊन काळं पाणी बघत उभी राहिली.

तसं त्यांचं वाईट चाललं होतं असं नाही. केसरबाईंना जहाजाचं भारी नवल. कमाल टॉवेलच्या घड्या घालून त्याचे हंस, हत्ती करून पलंगावर ठेवायचा. मावशींनी ते मोडूच दिले नाहीत. दोघंही घरून आणलेल्या पंच्यानं अंग पुसायची आणि टॉवेलचे प्राणी सोफ्यावर रांगेनं बसलेले. सकाळी कमाल यायच्या आधी त्या स्वतःच चादर ताठ घालून, उशा रचून, फरशीसुद्धा झाडून ठेवायच्या. ‘परक्या मानसानं आपलं हातरून काढायचं म्हंजी काय बाई!’ कमाल बिचारा दारात हात चोळत उभा राही. ‘मावशी, मला माझं काम तरी करू द्या. साहेब ओरडतील!’ एकदा त्यांनी धुतलेलं लुगडं गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातलं, तेव्हा मात्र कमालची धांदल उडाली. वाऱ्यानं ते परदेशात गेलं असतं.

आणि माझी कथा काय विचारता? पितळी कडीचा तो डबा माझ्या उरावर ठेवला होता. त्यात शेंगदाण्याची चटणी आणि धपाटी. चटणीचं तेल झिरपून माझ्या कानात गेलं. मोज्यांपेक्षा बरं म्हणायचं! निदान वास तरी घरचा होता.

दुसऱ्या दिवशी जहाज एका बंदराला लागलं. दोघं फिरून आली, पण परक्या देशात त्यांच्या मोबाइलचं कार्ड काही चाललं नाही. त्या दुपारी काकांनी अखेर विषय काढला. म्हणजे काढण्याचा प्रयत्न केला. ते कपाटाकडे तोंड करून म्हणाले, ‘फोरमनला काय सांगू मग?’

‘तुमाला जसं वाटंल तसं,’ केसरबाई धपाट्याचा तुकडा मोडत म्हणाल्या.

‘तुझं काय म्हननं?’

‘माझं काय? मी हायेच की.’

‘न्हाई, पन तुला काय वाटतंय?’

‘मला काय कळतंय त्यातलं? तुमचं काम, तुमी बघा.’

काकांनी मान हलवली आणि चपला घालून बाहेर निघून गेले. त्यांच्यामागे दार लागलं तशी ही बाई हातातला तुकडा तसाच ठेवून ढसाढसा रडायला लागली. तोंडात पदर कोंबून रडत होती, ऐकायला कुणी नव्हतं तरी. मित्रांनो, मला इतकं वाटलं, की एकदा, एकदाच आपणहून वाजावं आणि सांगावं, ‘अगं बाई, तो तुझ्या एका शब्दासाठी तडफडतोय आणि तू त्याच्या!’ पण मी म्हटलं ना, आमचा धर्म आड येतो. कळत होतं सगळं, करता काही येत नव्हतं.

तिसरा दिवस नुसता समुद्रात. चौथ्या दिवशी सकाळी जहाज दोहाला लागणार होतं, आणि फोरमनला उत्तर द्यायचं होतं. संध्याकाळी लवकर जेवून दोघं खोलीत आली. सूर्य नुकताच बुडाला होता. नेहमीची ती वेळ. काका बसले, उठले, मोबाइल काढला, ठेवला. मग ‘आलो जरा,’ म्हणून बाहेर गेले.

बाहेर काय झालं ते मला कमालनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. काका लिफ्टजवळ उभे होते. तिथं भिंतीवर माझाच एक भाऊबंद टांगलेला असतो, जहाजातल्या जहाजात बोलण्यासाठी. काकांनी कमालला विचारलं, ‘ह्या फोननं फोन लागतो का?’

‘लागतो ना काका. पण गावाला नाय लागणार यावरून.’

‘गावाला न्हाई. आमच्याच खोलीत लावायचाय.’

कमाल बघतच राहिला. खोली तिथून हाकेच्या अंतरावर! पण काकांचं तोंड बघून त्यानं बटणं दाबून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

आणि मित्रांनो, मी वाजलो! किती दिवसांनी! माझ्यावरचा डबा खडखडला. केसरबाई दचकून भिंतीला टेकल्या. दहा-बारा वेळा वाजलो तेव्हा कुठे त्यांनी डबा बाजूला केला आणि विंचवाला धरावं तसं मला दोन बोटांत धरून उचललं.

‘ह्यालो? कोन?’

‘मी हाय.’

‘आवो! तुमी कुठून बोलायलाव?’

‘लिफ्टपाशी हाय. हितं भिंतीवर फोन हाय एक.’

‘काय झालं? पडलाव का कुठं?’

‘न्हाई न्हाई.’ आणि मग, ‘जेवलीस का?’

केसरबाईंनी मला कानापासून लांब धरून माझ्याकडे बघितलं. मग त्यांना हसू फुटलं. ‘आवो, आत्ता तर जेवलाव की संगं बसून! तुमीच न्हाई का मला ती पिवळी खीर आनून दिली?’

तिकडून काकाही हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना ऐकलं. मग केसरबाईंचा आवाजच बदलला. त्या पलंगावर पाय वर घेऊन, मांडी घालून बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘जेवले. तुमी?’

‘जेवलो.’

बास! बांध फुटावा तसं झालं. म्हशीला दिवस गेलेत. शेजारणीच्या सुनेनं पुन्हा वेगळी चूल मांडली. इथल्या टॉवेलचा ससा बालाजीला दाखवायचाय. काल बंदरात बघितलेली ती बाई, एवढ्याशा कपड्यात, तिला थंडी कशी वाजत नाही? काका ‘हं, हं’ करत होते. आणि मग ते एकदम म्हणाले, ‘केसर, फोरमन वाट बघायलाय. वर्ल्ड कप होईस्तोवर थांबू, का घरी येऊ?’

मला वाटलं, आता येणार ते ‘माझं काय’. पण आलं नाही.

‘आदी तुमी सांगा,’ केसरबाई म्हणाल्या. ‘तुमाला काय पाहिजे? खरं सांगा.’

‘मला यायचंय. लई दिसांपासून यायचंय. पन भ्या वाटतंय.’

‘कशाचं?’

‘घरी आलो की दोन दिस होत न्हाईत, तर तू इचारतीस, परत कवा जायचंय? गावानं इचारलं तर मला काय वाटत न्हाई. ती रीतच हाय गावाची. पन तू इचारलीस की वाटतंय, मी हिच्या घरात पाव्हना हाय. हिची सगळी घडी बसलीय, मी आलो की इस्कटतीय.’

माझी दोरी केसरबाईंनी मुठीत इतकी घट्ट पकडली होती की वेटोळी सरळ झाली.

‘ऐकायलीस का?’

‘आवो देवा!’ त्या म्हणाल्या. ‘म्या त्याच्यासाठी इचारत व्हते व्हय? तुमी किती दिस हाव ते मला ठावं पाहिजे म्हनून इचारत व्हते! कवा काय रांधायचं, पोराला तुमच्या कुशीत किती राती झोपवायचं, तुळजापूरला कवा जायचं... दिस कळले म्हंजी म्या पुरवून पुरवून वापरायची. आन तुमी त्याचा ह्यो अर्थ काढलाव? इतकी वर्सं मनात ठिवलाव?’

‘असलं फोनवर कसं इचारायचं गं?’

‘मग आता काय करायलाव!’

दोन्हीकडून हसू आलं आणि ते अर्ध्यातच मोडलं. केसरबाईंना रडू आलं, पण ह्या वेळी त्यांनी तोंडात पदर कोंबला नाही.

‘तुमी रोज इचारताव, जेवलीस का. म्या रोज म्हनते, जेवले. लई येळा न्हाई जेवलेले मी. पोरगं शिकाया गेल्यावर एकटीसाठी काय चूल पेटवायची? च्या पिऊन झोपायचे. पन तुमी तिकडं लांब, तुमाला कशाला घोर म्हनून बोलले न्हाई. थांबा म्हनाव तर तुमी झिजायलाव, या म्हनाव तर तुमाला तुमचं काम सोडवत न्हाई असं मला वाटायचं. त्या टेडियमचं किती कवतिकानं सांगताव तुमी!’

‘टेडियम काय, पायपा हायेत त्या,’ काका म्हणाले. ‘तुझ्यापुढं काय त्या.’

‘मग घरी या,’ केसरबाई म्हणाल्या. ‘मला तुमी घरी पाहिजेत.’

मग पलीकडून माझ्या कानात एक आवाज आला. मोठा, रापलेला माणूस रडताना करतो तो.

‘आवो? रडायलाव?’

‘न्हाई.’

‘मला कळत न्हाई व्हय? पंचवीस वर्सं फोनवरच ऐकायलेय मी तुमाला. तितंच थांबा. हलू नका.’

आणि त्यांनी मला टाकून दिलं. हो, टाकून! जागेवर ठेवलंसुद्धा नाही, पलंगावर भिरकावलं. चपला न घालता, पदर सावरत, त्या दाराबाहेर धावल्या. दार आपटलं. खोलीत मी एकटा, उताणा पडलेला, आणि तार मात्र चालू होती. पलीकडे काकांच्या हातात रिसीव्हर तसाच होता. मला लिफ्टची घंटा ऐकू आली. कुणीतरी इंग्रजीत हसत गेलं. मग दुरून अनवाणी पावलं जवळ जवळ येताना ऐकू आली आणि पाठोपाठ केसरबाईंचा धापा टाकणारा आवाज.

‘ठिवा ते खाली.’

काकांनी रिसीव्हर सोडला. तो दोरीला लोंबकळत भिंतीवर आपटायला लागला, टक, टक. त्या टकटकीतून मी जिवाचा कान करून ऐकत होतो.

‘आता माझ्याकडं बघा. घरी या.’

तेच शब्द होते, मित्रांनो. घटकेपूर्वी माझ्यातून गेलेले. पण ह्या खेपेला ते माझ्यातून गेले नाहीत. तिच्या तोंडून निघाले आणि थेट त्याच्यापाशी पोचले. मी फक्त लांबून ऐकलं.

‘येतो,’ काका म्हणाले. मग पुन्हा, मोठ्यानं, ‘येतो की!’

थोड्या वेळानं कमालनं येऊन तिकडचा रिसीव्हर जागेवर ठेवला आणि मग खोलीत येऊन मला उचललं. त्याचे डोळे ओले होते. मला नीट पुसून, कानातलं चटणीचं तेल काडीनं काढून तो म्हणाला, ‘दोहाला पोचलो की पहिला नजमाला फोन लावतो बघ. आणि रजा टाकतो.’

सकाळी बंदर आलं. काकांचा मोबाइल लगेच वाजला.

‘आबा, मी पार्किंगमध्ये आहे, यल्ला, चला लवकर! फोरमनला काय सांगायचं? साइन करताय ना?’

‘त्येला सांग, खलास. मी तुझ्या आईसंगं जायलोय.’

‘आर यू शुअर, आबा? वर्ल्ड कप इथं बघायचा नाही?’

‘घरी टीव्हीवर बघू. तुझ्या आईला सांगंन, ह्या खुर्च्यांखालून जी गार हवा येतीय ना, ती माझ्या पायपातून येतीय.’

केसरबाई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी काकांच्या हातातून मोबाइल घेतला. ‘बाळ, आमी येतोय खाली,’ एवढंच म्हणून त्यांनी तो बंद केला आणि आपल्या पिशवीत टाकला. मग दोघं बोलत बोलत बाहेर पडली. कशावर तरी वाद चालला होता, बहुतेक काकांच्या घोरण्यावर. लिफ्ट येईपर्यंत मला त्यांचे आवाज येत होते.

ते आता कसे आहेत, मला ठाऊक नाही. पुढे वर्ल्ड कपच्या तोंडावर जहाजाची डागडुजी झाली, खोल्याखोल्यांत बोटानं चालणारे चकचकीत स्क्रीन लागले आणि आम्हा जुन्या फोनांना खोक्यात भरून इथं आणून टाकलं. त्याचंही मला फार वाईट वाटत नाही. माझं एकच सांगणं आहे, मित्रांनो. यंत्रांना जपा, आम्हाला पाण्यापासून, धुळीपासून, मोज्यांपासून वाचवा. लांबच्या माणसाला आमच्यातून आवर्जून हाक मारा, त्यासाठीच आम्ही आहोत. पण ज्याच्याशी बोलायचं ते माणूस चार पावलांवर असेल, तर मला खुशाल खाली ठेवा आणि त्याच्याकडे धावत जा. मला मुळीच राग येणार नाही. उभ्या आयुष्यात लोकांनी मला हजारो वेळा उचललं. पण खरं सांगू? केसरबाईंनी मला टाकून दिलं, तेव्हाइतका धन्य मी कधीच झालो नाही.